नेतीचं उरलेलं पाणी

शेवटी मामांच्या मांडीतला एक तुकडा काढून तो त्यांच्या नाकाच्या छताला आतून लावण्यात आला आणि मामा वाचले. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच घोर नको. आता हे वाक्य विसरून जा. आमच्या घरच्या अधिकृत भूमिकेप्रमाणे असं काही झालेलंच नाही.

तर जून महिना होता, सांगलीची आमराई, सकाळचे सव्वासहा. मामा कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभे होते आणि प्राणशुद्धी मंडळाचे चौतीस सभासद त्यांच्याभोवती कोंडाळं करून त्यांच्या उजव्या नाकपुडीकडे बघत होते.

टप्प.

"एकोणीस," आरगेकाका म्हणाले. आरगेकाका मंडळाचे सेक्रेटरी. मोजण्यासारखं काही दिसलं की ते मोजत.

टप्प.

"वीस! मगदूमसर, काय शुद्धी आहे हो तुमची! आमचं तीन थेंबांत खलास होतं."

"सराव," मामा वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "नऊ वर्षांचा सराव आहे."

ज्यांनी जलनेती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोमट पाण्यात मीठ घालायचं, चोच असलेल्या लोट्यात ते भरायचं, मान तिरकी करून एका नाकपुडीत ओतायचं. ते दुसरीतून बाहेर पडतं. थोडंफार आत राहतं आणि मग तासाभराने माणूस चप्पल घालायला वाकला की टपकतं, पातळ, स्वच्छ आणि खारट. नेती करणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट ज्याचं जास्त टपकेल तो जास्त धुतला गेला, असं मानतात. जगात इतरत्र कुणाच्या नाकातून वाकल्यावर धार लागली तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतात. आमराईत टाळ्या वाजल्या.

मी कोंडाळ्याच्या बाहेर उभा होतो.

मी म्हणजे सन्मती, वय तेव्हा बावीस, मूळ गाव कुरुंदवाड, मुक्काम मामांच्या घरी. कारण स्पर्धा परीक्षा. दोनदा देऊन झाली होती, दोन्ही वेळा नापास. मामा, सुकुमार मगदूम, कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त. गळती शोधण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. बांधावर नेहमीपेक्षा हिरवं गवत दिसलं तरी जीप थांबवून म्हणायचे, "इथं फुटलाय." असा हा माणूस.

"मामा," घरी जाताना मी म्हटलं, "नेती करून दीड तास झाला."

"मग?"

"दीड तासानं पाणी येतं का?"

"अरे, कालव्याला पाणी सोडलं तर शेवटच्या चरीला पोचायला आठ दिवस लागतात. नाकाच्या आत काय कमी वाकणं आहेत?" त्यांनी रुमालाने नाक टिपलं. रुमालात शेंबूड नव्हता, नुसतं पाणी. तो वाळल्यावर कडकसुद्धा झाला नाही. हे मला माहीत आहे, कारण मी तो दोरीवरून काढून तपासला होता. बावीस वर्षांच्या तरुणाने दुसऱ्याचा रुमाल चाचपत उभं राहावं, अशी ती वेळ होती.

दुपारी जेवायला बसलो. मामांनी आमटीच्या वाटीकडे मान वळवली. टप्प.

"अहो!" शालनमामी ओरडल्या. "थांबा, वाटी बदलते."

"कशाला? मीठच आहे की."

मामी चाळीस वर्षं पाणी फडक्याने गाळून पिणाऱ्या. त्यांनी वाटी उचलली, मोरीत ओतली आणि माझ्याकडे बघितलं. घरात काहीही झालं की त्या आधी माझ्याकडे बघत. ह्याला कारण होतं. मार्चमध्ये मी दुसऱ्या खोलीतून आवाज बदलून त्यांना फोन केला होता आणि गॅस एजन्सीतर्फे सांगितलं होतं, की सिलिंडरचं रोज सकाळी वजन करून वहीत लिहून ठेवावं, तपासणीस येतील. मामींनी अकरा दिवस वजन केलं. बाराव्या दिवशी मला हसू आवरलं नाही. त्या दिवशी त्यांनी निकाल दिला होता: आणखी एक थट्टा, आणि सन्मतीची बॅग कुरुंदवाडच्या गाडीत. मामींचा शब्द म्हणजे शब्द. सख्ख्या भावाने चहात वेलदोडा मागितला म्हणून त्यांनी त्याच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

मी पुराव्याने जायचं ठरवलं. मामांना म्हटलं, उद्या अष्टमी आहे, उपवासासारखी नेतीही सोडा. मामांना ते पटलं. नेती केली नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचायला वाकले, अग्रलेखावर टप्प.

"मामा, आज नेती केलेली नाही."

"कालचं असेल."

दुसऱ्या दिवशीही त्यांना नेती करू दिली नाही. टप्प.

"परवाचं," मामा म्हणाले.

अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आणि डोकं आपटण्याविषयी त्या दिवसांत मला बोलायचं नव्हतं.

मी मोबाईलवर वाचत बसलो. जे वाचलं त्याने माझी पाचावर धारण बसली. रात्रीचं जेवण होईतो दम धरला आणि मग दोघांसमोर सांगून टाकलं.

"मामा, हे नेतीचं पाणी नाही. हे मेंदूभोवतीचं पाणी आहे."



"सिलिंडरसारखंच ना?" मामी म्हणाल्या.

"मामी, शपथ घेतो. मेंदू पाण्यात तरंगत असतो. त्या पाण्याला पिशवी असते. पिशवी नाकाच्या वरच्या बाजूला फाटली की पाणी नाकात उतरतं. वाकलं की जास्त. चवीला खारट. एकाच नाकपुडीतून. सगळं जुळतंय."

मामांनी चष्मा लावला. पाण्याचा विषय निघाला की ते चष्मा लावत. "एकूण साठा किती?"

"दीडशे मिली."

"आवक?"

"रोज अर्धा लिटर नवं तयार होतं. जुनं जिरतं."

"म्हणजे दिवसातनं तीनदा पाणी बदलतं." मामा खूश झाले. "काय व्यवस्था आहे बघ! मग चार थेंब वाया गेले तर टंचाई कसली?"

"टंचाईचा प्रश्नच नाही! जिथनं पाणी बाहेर येतं, तिथनं जंतू आत जातात. मेंदूच्या आवरणाला सूज येते. मग माणूस दोन दिवसांत…"

"दोन दिवसांत काय?"

"जातो."

"कुठं?"

मी मामींकडे बघितलं. त्या भांडी गोळा करत होत्या. "डोकं दुखतं का हो तुमचं?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"बसलं की दुखतं. आडवं झालं की थांबतं."

"ते सगळ्यांचंच," मामी म्हणाल्या आणि गेल्या.

हेही मोबाईलवर लिहिलेलं होतं: उभं राहिलं की डोकं दुखतं, झोपलं की थांबतं, कारण पाणी कमी झालं की मेंदू खाली ओढला जातो. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सन्मत्या, एवढं पाठांतर परीक्षेचं केलं असतंस तर आज तहसीलदार असतास."

एकवीस जूनला सहा दिवस राहिले होते. त्या दिवशी आमराईत योगदिनाचं प्रात्यक्षिक होतं. आधी चौतीस जणांची सामुदायिक जलनेती, मग मगदूमसरांचं पाच मिनिटांचं शीर्षासन, मग पाहुण्यांचं भाषण, मग उपीट. म्हणजे मामा आधी त्या फाटक्या जागेत मिठाचं पाणी सोडणार होते आणि नंतर त्याच डोक्यावर पाच मिनिटं उभे राहणार होते. पाहुण्यांच्या भाषणापर्यंत ते टिकले असते की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. हे थांबवणं माझ्यावर होतं. आख्ख्या सांगलीत ज्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असा एकच माणूस होता आणि तो मी होतो.

मी नेतीचा लोटा लपवला. मामांनी चहाची किटली घेतली. किटली लपवली, तर तेलाचा बुदला धुऊन घेतला. बुदल्याची चोच लांब असते, त्यामुळे त्या दिवशी नेती "फार आतपर्यंत" झाली असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी लोटा परत जागेवर ठेवला.

आरगेकाकांना गाठलं. म्हटलं, काका, मामांना शीर्षासन करू देऊ नका, त्यांच्या मेंदूचं पाणी गळतंय. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, गेल्या वर्षी तू मला सांगितलंस की शवासनात घोरणाऱ्याला महापालिका नोटीस देणार आहे. मी आठ महिने शवासन केलं नाही. आता तू मला काही सांगू नकोस."

मुद्दा रास्त होता.

मग मला सुचलं. एकोणीस तारखेला सकाळी मी उजव्या कानावर हात दाबून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"कानात मुंगी गेलीय."

"थट्टा," मामी म्हणाल्या.

पण मामा ताटावरून उठले. हातातला घास परत ठेवून उठले. "कधीपासून? दुखतंय? ऐकू येतंय का?" माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली, कानात बघायला वाकले आणि माझ्या खांद्यावर टप्प झालं. स्वतःच्या नाकासाठी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत न गेलेला माणूस माझ्या कानासाठी पाच मिनिटांत पँट चढवून तयार होता. "मिरजेला जाऊ. कानाचं काम आहे, इथं कुणाही सोम्यागोम्याला दाखवायचं नाही."

"मीपण येते," मामी म्हणाल्या. "ह्याची मुंगी मला बघायचीय."

मिरजेच्या डॉक्टर तस्नीम नायकवडी, कान-नाक-घशाच्या. पन्नाशीच्या, बारीक, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. बाहेर वीसेक पेशंट बसले होते. आत गेल्यावर त्यांनी माझ्या कानात दिवा घातला, बघितलं, दुसऱ्या कानात बघितलं.

"काही नाही. थोडा मळ आहे."

"मुंगी?" मामांनी विचारलं.

"मुंगी नाही."

"गेली असेल," मामा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. मामींचा चेहरा मात्र एसटीच्या वेळापत्रकासारखा झाला होता. कुरुंदवाड, सकाळी नऊ.

"डॉक्टर," मी खुर्चीतून उठलो, "पेशंट मी नाही. हे आहेत. ह्यांच्या उजव्या नाकपुडीतून दहा दिवसांपासून पाणी गळतंय. वाकलं की गळतं. बसलं की डोकं दुखतं, झोपलं की थांबतं. पाणी खारट आहे."

"चव कुणी बघितली?"

"ह्यांनीच. आमटीतून आम्हीही बघितली असती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, बसा ह्या खुर्चीत."

"मॅडम, ते नेतीचं पाणी आहे. उरलेलं."

"डोक्याला मार लागला होता का? पडलात कुठं? गाडीवरनं, जिन्यावरनं?"

"नाही," मामा म्हणाले.

"नीट आठवा. महिन्याभरात?"

"नाही. बाथरूमचं दार लागलं होतं भुवईला. त्याला काय मार म्हणायचं?"

डॉक्टरांनी भुवईवरची पिवळट पडलेली खूण बघितली. नाकात दिवा घालून बघितलं. "आत तर काही दिसत नाही. हे बघा, ह्या दिवसांत ॲलर्जीनं असं पाणी खूप जणांचं येतं. मार लागलेला असता तर मी आत्ताच्या आत्ता सीटी काढायला लावला असता. दार लागून एवढं होत नाही. तुम्ही म्हणताय पडलो नाही. फवारा देते, दोन आठवडे मारा आणि मग परत या."

दोन आठवडे. मध्ये एकवीस तारीख. त्यांनी कागद पुढे ओढून फवारा लिहायला सुरुवातही केली.

"पडले होते," मी म्हणालो.

"सन्मत्या," मामा म्हणाले.

"शीर्षासनातून पडले. आठ तारखेला, सकाळी. भुवई शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर आपटली. नाकातून रक्त आलं. दार वगैरे काही नाही."

"तुला काय माहीत?" मामींनी विचारलं.

मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या कानाच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत बोललो. माणसांकडे बघून ते बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मामी, तुम्ही मंदिरात गेला होता. मी अंघोळ करून आलो. दोरीवर जागा नव्हती. मामा शीर्षासनात होते, डोळे मिटून, चार मिनिटं झाली होती. पाय अगदी बरोबर उंचीवर होते. मी त्यांच्या पायांवर माझा ओला टॉवेल वाळत घातला. उडू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांना चिमटे लावले. आणि म्हटलं, मामा, ऊन आलं की उलटा करतो."

डॉक्टरांनी फवारा लिहायचं थांबवलं.

"मामा हसले," मी म्हणालो. "मामा कधी मोठ्यानं हसत नाहीत. त्या दिवशी हसले. म्हणून पडले. पडल्यावरही हसतच होते. मग रक्त आलं."

डॉक्टर मामांकडे वळल्या. "आजोबा, हे खरं आहे?"

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "मॅडम, असं काहीही घडलेलं नाही. हा मुलगा थट्टेखोर आहे. आत्ताच बघितलंत ना तुम्ही, कानात मुंगी नसताना मुंगी म्हणून आला. काहीही रचतो."

"मामा!"

"गप बस. तुम्ही फवारा लिहा, मॅडम."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच लोकांनी खऱ्या मानल्या. सिलिंडरचं वजन खरं मानलं गेलं. शवासनाची नोटीस खरी मानली गेली. एकदाच, मिरजेत, जून महिन्यात, साक्षीदार आणि जखमी हजर असताना मी पहिल्यांदा खरं बोललो आणि जखमीच उलट साक्ष देत होता. त्या माणसाचा गळा धरून त्याला वाचवावं असं मला वाटलं. मी रडायला लागलो. रडणंही डॉक्टरांना खरं वाटलं नसावं, कारण त्यांनी आधी माझ्याकडे, मग मामांकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं.

"टॉवेल निळा होता का?" मामींनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"हो," मी म्हणालो.

"मशीनखाली सापडला मला. ओला. हिरवा चिमटा लावलेला. म्हटलं, जमिनीवर कोण वाळत घालतं?" त्या माझ्याकडे वळल्या. "दुसरा चिमटा कुठाय?"

"मामांच्या अंगठ्यालाच होता. ते तसेच चालत तोंड धुवायला गेले."

"शालन," मामा म्हणाले, "हे बघ, असं काही…" आणि त्यांना समजावायला त्यांच्याकडे वाकले.

टप्प. टप्प. टप्प.

तीनही थेंब डॉक्टरांच्या कागदावर पडले, फवाऱ्याच्या नावावर. शाई पसरली. डॉक्टर त्या डागाकडे क्षणभर बघत राहिल्या. मग ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढून मामांच्या हातात दिली. "असेच वाकून राहा. भरा ही."

मामांनी बाटली भरली. पाण्याचं काम होतं, नाही म्हणवेना. डॉक्टरांनी त्यातला एक थेंब शुगर मोजायच्या पट्टीवर घेतला. यंत्राने साठ दाखवलं.

"मला डायबिटीस नाही," मामा घाईघाईने म्हणाले.

"तुम्हाला नाही. सर्दीच्या पाण्यात साखर जवळजवळ नसते. मेंदूच्या पाण्यात असते. पट्टी काही पक्का पुरावा नाही, पक्क्या तपासणीला पुण्याला पाठवते. पण सीटी आत्ता. आणि ह्या क्षणापासून वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. पुष्कळदा अशी भेग नुसत्या विश्रांतीनं आपोआप मिटते. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," मामा म्हणाले.

"रोज मिठाच्या पाण्यानं धुतली," मी म्हणालो. "एकदा तेलाच्या बुदल्यानं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग नवा कागद घेतला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "शीर्षासनातून पडणे. कारण, टॉवेल."

सीटीमध्ये नाकाच्या छताच्या हाडाला केसाएवढी चीर निघाली. ते हाड मुळात कागदासारखं पातळ असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मामांना तिथेच दाखल करून घेतलं. पाच दिवस उशाला उंची देऊन निजवून बघितलं. गळती कमी झाली, पण थांबली नाही. पुण्याहून अहवाल आला, पाणी मेंदूचंच. मग नाकातूनच दुर्बीण घालून ऑपरेशन झालं. मांडीतून चरबी आणि तिच्याखालचा पातळ पापुद्रा काढला आणि चिरेवर आतून बसवला. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मामांनी एकच शंका काढली होती. "अस्तर आतल्या बाजूनं ना?"

"आतल्या."

"मग ठीक आहे. बाहेरनं लावलेलं टिकत नाही. पाण्याचा दाबच त्याला ढकलून देतो. पुष्कळ बघितलेत."

ऑपरेशन चाललं तेव्हा मी आणि मामी बाहेरच्या बाकावर होतो. तीन तास. मी माझी बॅग भरून बरोबरच आणली होती, म्हणजे त्यांना सांगायचे कष्ट नकोत. त्यांनी बॅगेकडे बघितलं. ती उघडली. आतला माझा टॉवेल काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बॅग बंद करून बाकाखाली सरकवली. मी वाट बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "चहा घेऊन ये. वेलदोडा नको."

बस्स. शिक्षेच्या नावाखाली एवढंच मिळालं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आरगेकाका आणि मंडळाचे सहाजण शहाळी घेऊन भेटायला आले. योगदिन उत्तम झाला होता. काकांनी मामांच्या जागी शीर्षासन करायचं ठरवलं होतं, ऐनवेळी त्याचं वज्रासन केलं. मंडळातल्या तिघांच्या नाकातून आता बारा-बारा थेंब येतात, असंही त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी त्या तिघांची नावं लिहून घेतली.

"पण सर, हे झालं तरी कसं?" काकांनी विचारलं.

मी खुर्चीत ताठ बसलो. मामी शहाळ्यात नळी घालत होत्या, त्यांचा हात थांबला. मामांच्या नाकात कापूस होता, आवाज दूरच्या रेडिओसारखा येत होता.

"काही झालं नाही हो. भाच्याच्या कानासाठी आलो होतो मिरजेला. इथं आलोच आहे, तर म्हटलं नाकाचंही काम करून घेऊ."

सातहीजण माझ्याकडे वळले. "कसा आहे रे बाळ आता कान?"

मी मामांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. हसायची मनाई होती, नाकाच्या छताला ताण बसतो म्हणून. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

"बरा आहे," मी म्हणालो.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. मामा सत्तरीचे आहेत, नाक कोरडं ठणठणीत आहे. मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि माझ्या लग्नाच्या मांडवात निम्म्या सांगलीने माझ्या कानाची चौकशी केली. बायकोने मला पहिल्या रात्री विचारलं, कुठल्या कानाने कमी ऐकू येतं? गेल्या दिवाळीत मी मामांना अंगणात एकटं गाठलं. म्हटलं, मामा, तुम्ही त्या फवाऱ्यावर घरी आला असता तर मेला असता. मला कुरुंदवाडला जावं लागू नये म्हणून माणूस मरतो का? तो टॉवेल मी टाकला होता. एकदा तरी रागवा.

"कुठला टॉवेल?" मामा म्हणाले.

मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "फराळाला बस."

तोंडी विनंत्या संपल्या आहेत. म्हणून आता लेखी.

श्री. सुकुमार मगदूम यांस सविनय सादर करण्यात येते की, दि. ८ जूनच्या घटनेस अर्जदार सर्वस्वी जबाबदार असून नऊ वर्षे उलटूनही त्याबाबत त्यास कोणीही एक अक्षर बोललेले नाही. त्यामुळे अर्जदाराची मोठी कुचंबणा होत आहे. तरी श्री. मगदूम यांनी सौ. शालन मगदूम व श्री. आरगे यांच्या समक्ष, राहत्या घरी, त्यांच्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, अर्जदारास मोठ्या आवाजात किमान पाच मिनिटे रागवावे, ही नम्र विनंती. रागावताना हसू नये. घटना घडलीच नव्हती, या कारणास्तव अर्ज निकाली काढण्यात येऊ नये.